पाटी होणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स बसविणें

हल्लीं पुष्कळ घरांतून असा एक लॅपटॉप दिसूं लागला आहे कीं, ज्याची बिजागरी पूर्ण वर्तुळांत फिरते. कीबोर्ड मागें दुमडला म्हणजे तोच लॅपटॉप पाटीसारखा मांडीवर घेतां येतो, आणि त्यावर बोटानें किंवा खास लेखणीनें लिहितां येतें. दुसऱ्या एका जातींत कीबोर्ड दुमडत नाहीं, अजिबात सुटा होतो. दुकानदार या दोहोंस ‘टू-इन-वन’ म्हणतात. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली कशी बसवावी, आणि बसविण्यापूर्वीं काय काय पाहून घ्यावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. बसविण्याचें काम फार तर तासाभराचें. पाहून घेण्याचें काम त्याहून मोठें, आणि आमच्या मतें त्याहून महत्त्वाचेंहि आहे.

विषय आतांच घेण्याचें कारण असें कीं, विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारी सर्वसाधारण मदत ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. विंडोज ११ घालावयाचें तर टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चकती यंत्रांत हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आतां लेनोव्हो कंपनीनें २०१६ सालीं काढलेला थिंकपॅड एक्स-१ योगा हा लॅपटॉप घ्या. चौदा इंची पडदा. लेखणी अंगांतच खोंवून ठेवण्याची सोय. आणि पाटी केली कीं कळांभोंवतालची चौकट वर उचलली जाऊन कळा घट्ट होतात, म्हणजे मागून धरितांना बोटें लागून भलतींच अक्षरें उमटत नाहींत. इतकें सुबक यंत्र, पण प्रोसेसर सहाव्या पिढीचा, सबब नियमाबाहेर. असें यंत्र घरीं असलेले पालक विचारतात कीं, हें आतां भंगारांत घालावें काय? आमचें उत्तर असें कीं, लिनक्स घालून पाहिल्यावांचून मुळींच नाहीं. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालूं नये हा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथें मात्र नवा रस घातला असतां जुना बुधला बहुधा फुटत नाहीं, इतकेंच नव्हे तर आणखी कांहीं वर्षें टिकतो.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. वसतिगृहाचा अधीक्षक जसा कोणास कोणती खोली, कोणाचें जेवण केव्हां, बाहेर जाण्याची परवानगी कोणास, हें ठरवितो, तसा हा कारभारी स्मृति, डिस्क, पडदा व कळा यांची निरनिराळ्या प्रोग्रॅमांत वांटणी करून देतो. विंडोज हा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. ‘मुक्त’ याचा अर्थ फुकट असा पुष्कळ जण घेतात, पण तो अपुरा आहे. वैद्यबुवांची पुडी आणि आजीबाईचा काढा यांत जो फरक, तोच येथें आहे. पुडींत काय आहे हें वैद्यबुवा सांगत नाहींत; आजीबाई मात्र सुंठ किती, मिरें किती, सर्व सांगते, आणि तुमच्या घरीं कोणास तिखट सोसत नसेल तर मिरें कमी करण्यासहि तिची ना नसते. मुक्त कार्यप्रणालीचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो, बदलतां येतो व बदललेला इतरांस देतां येतो. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाची योजना याच तत्त्वावर जाहीर केली. आणि ऑगस्ट १९९१ मध्यें फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यानें आपण कार्यप्रणाली लिहीत असल्याचें इतरांस कळविलें. ग्नूचीं साधनें व टोरव्हाल्ड्स यांचा गाभा मिळून आज आपण ज्यास लिनक्स म्हणतों तें तयार झालें.

या एका गाभ्याभोंवतीं अनेक वितरणें निघालीं आहेत: १९९३ पासून चालत आलेलें डेबियन, त्याच्याच पायावर २००४ सालीं उभें राहिलेलें उबुंटू, शिवाय फेडोरा, मिंट इत्यादि. मूळ एक, पंथ पुष्कळ, आणि वादहि पंथांना शोभतील असेच! आपल्या पुण्यांतील सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि डेबियनाच्या आधारें ‘बॉस’ नांवाची कार्यप्रणाली तयार केली आहे; केरळांतील शाळांतून तर हजारों मुलें लिनक्सावरच संगणक शिकतात. पाटी होणाऱ्या यंत्रासाठीं नवशिक्यानें उबुंटू किंवा फेडोरा घ्यावें असें आम्ही सुचवितों. कारण या दोहोंत नोम नांवाची जी मांडणी मिळते, ती बोटानें वापरण्याचा विचार करून बनविलेली आहे.

आतां पहिली व सर्वांत मोठी गोष्ट. कोणतेंहि बटण दाबण्यापूर्वीं यंत्रांत जें आहे तें बाहेर काढून ठेवा. मुलांच्या दृष्टीनें लॅपटॉप म्हणजे खेळ व अभ्यास. पण त्याच डिस्कवर आईनें साठविलेलीं लग्नाचीं छायाचित्रें, थोरल्या बहिणीची गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, कदाचित् हयात नसलेल्या आजोबांचा आवाजहि असतो. घरांतील संगणक हा सर्वांचा असतो; सबब आईवडिलांस विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये. येथें एक फसगत नेहमीं होते. विंडोजमध्यें ‘सी’ व ‘डी’ असे दोन कप्पे दिसतात, आणि डीमध्यें नक्कल ठेवली म्हणजे झालें असें मुलांस वाटतें. परंतु हे दोन कप्पे बहुधा एकाच डिस्कचे असतात. डिस्क पुसण्याची आज्ञा दिली कीं दोन्हीहि जातात. नक्कल वेगळ्या डिस्कवर किंवा वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. चार-दोन छायाचित्रें व एखादें पत्र खरोखर उघडलें म्हणजेच नक्कल झाली असें समजावें; फायलींचीं नांवें दिसलीं एवढ्यावर विसंबूं नये.

दुसरी गोष्ट कुलपाची. कित्येक विंडोज यंत्रांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर नांवाच्या कुलपानें आपोआप बंद झालेला असतो, आणि घरच्यांस त्याची वार्ताहि नसते. यंत्र सुरू होण्याच्या व्यवस्थेंत बदल केला कीं विंडोज एकदम अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागूं लागतें. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानें यंत्र प्रथम सुरू केलें त्या खात्यांत असते. आणि तें खातें कधीं काकांचें, कधीं दुकानदारानेंच उघडून दिलेलें असतें! तेव्हां तें खातें आधीं शोधून काढावें व किल्ली कागदावर लिहून ठेवावी. लिनक्साबरोबर विंडोजहि ठेवावयाचें असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असतां यंत्र बंद दिसतें खरें, पण विंडोज पुरतें मिटलेलें नसतें, आणि त्याच्या कप्प्यांत लिनक्सामधून कांहीं लिहिणें धोक्याचें होतें.

एवढी तयारी झाल्यावर आठ जीबी किंवा त्याहून मोठा, रिकामा पेन ड्राइव्ह घ्यावा. उबुंटूच्या संकेतस्थळावरून कार्यप्रणालीची मोठी फाईल उतरवून घ्यावी. दर दोन वर्षांनीं, सम वर्षाच्या एप्रिल महिन्यांत, जी दीर्घ मुदतीची आवृत्ति निघते तीच घ्यावी. तीस पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. फाईल बरोबर उतरली कीं वाटेंत बिघडली हें पाहण्यासाठीं तेथें चौसष्ट अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो. आपल्या फाईलीचा ठसा काढून तो जुळवून पाहावा. एका अक्षराचा फरक पडला तरी फाईल टाकून द्यावी. ही फाईल पेन ड्राइव्हवर नुसती नक्कल करून चालत नाहीं; रूफस किंवा बलेना-एचर यांसारख्या प्रोग्रॅमानें ती विशिष्ट रीतीनें लिहावी लागते, आणि त्यांत पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर नाहींसा होतो.

मग चार्जर जोडून, पेन ड्राइव्ह लावून यंत्र पुन्हां सुरू करावें. कोठून सुरू व्हावें हें विचारणारी यादी थिंकपॅडवर एफ १२ ही कळ दाबल्यानें येते. डेलमध्यें बहुधा हीच, एचपीमध्यें एफ ९. ‘सिक्युअर बूट’ नांवाचा पहारेकरी अनोळखी कार्यप्रणालीस आंत येऊं देत नाहीं. परंतु उबुंटू, फेडोरा व डेबियन यांच्या आरंभीं मायक्रोसॉफ्टच्या सहीचा एक लहानसा प्रोग्रॅम असतो, त्यामुळें त्यांस बहुधा अडथळा होत नाहीं. तेव्हां तो पहारा उगाच काढूं नये.

यानंतरचा टप्पा सर्वांत मौजेचा आहे, आणि पुष्कळ लोक नेमका हाच गाळतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालें कीं ‘करून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन मार्ग पुढें येतात. पहिल्या मार्गानें लिनक्स केवळ यंत्राच्या स्मृतींत चालतें. डिस्कवरील एक अक्षरहि हलत नाहीं. यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढला कीं विंडोज पूर्ववत्. विकत घेण्यापूर्वीं कापड अंगाला लावून पाहावें तशी ही सोय आहे. साध्या लॅपटॉपवर वायफाय व आवाज चालला म्हणजे बहुतेक परीक्षा झाली; पण आपल्या पाटीला आणखी अवयव आहेत, त्यांची एकेक परीक्षा घ्यावी.

प्रथम यंत्र उभें-आडवें करून पाहावें. पडद्यावरील चित्र आपोआप फिरलें पाहिजे. हें कसें होतें तें समजून घेण्यासारखें आहे. यंत्राच्या अंगांत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा एक सेन्सर असतो. त्यांत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोलून धरिलेला असतो. यंत्र कललें कीं भार किंचित् सरकतो, आणि शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युद्धारकता बदलते. हा बदल लिनक्साचा गाभा वाचतो, एक लहान प्रोग्रॅम ती बातमी मांडणीस पोंचवितो, आणि मांडणी चित्र फिरविते. आतां गंमत अशी कीं, कारखान्यांत हा सेन्सर कोणी सरळ बसवितो, कोणी आडवा, तर कोणी पालथा. अशा यंत्रावर चित्र नेमकें उलट बाजूस फिरतें, आणि वापरणारा म्हणतो, लिनक्स बिघडलें. वास्तविक त्या यंत्राचें नांव व सेन्सर कसा बसविला आहे हें सांगणाऱ्या दोन ओळी एका सामाईक यादींत घातल्या कीं काम भागतें. ही यादी सिस्टिमडी नांवाच्या भागांत असून, ती बरीचशी त्या त्या यंत्राच्या मालकांनींच ओळीओळीनें भरली आहे. कोठल्या तरी देशांतील अनोळखी मनुष्यानें एका संध्याकाळीं घातलेली ओळ आपल्या घरची पाटी सरळ करिते, आणि आपण घातलेली ओळ दुसऱ्याची. आजीबाईच्या काढ्याची खरी किंमत आम्हांस येथें दिसते.

चित्र फिरलें कीं बोटानें पडद्याचे चारी कोपरे दाबून पाहावे. चित्र फिरलें पण स्पर्श फिरला नाहीं, म्हणजे वर दाबलें असतां खालीं उमटलें, असा प्रकार जुन्या एक्स-११ या पद्धतींत होत असे व तो हातानें सुधारावा लागे. वेलँड या नव्या पद्धतींत दोन्ही बहुधा बरोबरच फिरतात. मग कीबोर्ड पूर्ण मागें दुमडून त्याच्या कळा दाबाव्या. अक्षरें उमटतां कामा नयेत. थिंकपॅडमध्यें कळा घट्टच होतात, पण इतर कित्येक यंत्रांत ‘आतां मी पाटी झालों’ ही सूचना यंत्रानें लिनक्सास द्यावी लागते, आणि ती पोंचली नाहीं तर मागें धरलेलीं बोटें निबंधांत वाटेल तें लिहितात.

लेखणीची परीक्षा शेवटीं, पण सावकाश घ्यावी. ज्या यंत्रांत वॅकॉम जातीची लेखणी आहे तेथें लिनक्साची साथ फार जुनी व चांगली आहे. झुर्नल++ हा प्रोग्रॅम तात्पुरता उतरवून त्यांत हलक्या हातानें व मग दाबून रेघ ओढावी. रेघ बारीक-जाड झाली पाहिजे. तळहात पडद्यावर टेकून लिहावें. डाग पडतां नयेत. गणिताच्या विद्यार्थ्यास हें साधलें तर वही व संगणक एक झाले असें समजावें. याउलट, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस मालिकेंतील पुष्कळ यंत्रांवर स्पर्श व लेखणी चालण्यास ‘लिनक्स-सरफेस’ या स्वयंसेवकांच्या योजनेनें सुधारलेला निराळा गाभा लागतो. बोटाचा ठसा ओळखणारें उपकरणहि कित्येक यंत्रांत मुकेंच राहतें. त्यावांचून आपलें अडेल काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

सुट्या कीबोर्डाच्या स्वस्त यंत्रांविषयीं एक इशारा देणें जरूर आहे. आसूस कंपनीचें ट्रान्सफॉर्मर बुक टी-१०० हें २०१३ सालीं निघालेलें यंत्र याचें चांगलें उदाहरण होय. त्याचा प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, पण यंत्र जागें करणारी मूळ व्यवस्था मात्र बत्तीस बिटांची. त्यामुळें पुष्कळ वितरणांचा पेन ड्राइव्ह त्या यंत्रास दिसतच नाहीं, आणि मुलगा समजतो कीं पेन ड्राइव्ह वाईट. डेबियनाच्या मंडळींनीं २०१५ सालच्या आठव्या आवृत्तींत या चमत्कारिक जोडीची सोय केली. तथापि अशा यंत्रांत स्मृति अवघी दोन जीबी असते. लिनक्स आलें तरी आजचीं जड संकेतस्थळें तेथें रखडतच चालतात. त्यावर फार आशा ठेवूं नये.

परीक्षा समाधानकारक झाली तरच ‘बसवा’ हा मार्ग धरावा. विंडोजशेजारीं जागा करून घेणें आणि सर्व डिस्क पुसून बसविणें असे दोन पर्याय येतात. शेजारीं बसविणें सुरक्षित वाटतें, पण लहान डिस्कवर दोन्ही संसार अडचणींत होतात. ज्या यंत्रावर विंडोजच्या दुरुस्त्या बंद झाल्या आहेत, व ज्यांतील सर्व कांहीं बाहेर काढून तपासून झालें आहे, तेथें पुसून बसविणें आम्हांस अधिक पसंत आहे. डिस्कला परवलीचा शब्द घालण्याची सोयहि मिळते. ती घेतल्यास इतकें लक्षांत ठेवावें कीं, तो शब्द यंत्र सुरू होतांच, मांडणी येण्यापूर्वींच विचारला जातो. त्या वेळीं पडद्यावरचा कीबोर्ड सहसा नसतो. सबब खरा कीबोर्ड उलगडून किंवा जोडूनच यंत्र सुरू करावें. कीबोर्ड घरीं ठेवून नुसती पाटी शाळेंत आणणाऱ्यास यंत्राच्या दाराशींच उभें राहावें लागेल.

बसवून झाल्यावर प्रथम दुरुस्त्या घ्याव्या, मग मराठीची व्यवस्था करावी. देवनागरी अक्षरें आधींच असतात. लिहिण्यासाठीं सेटिंग्जमध्यें मराठी कीबोर्ड जोडला कीं पुरें. चित्रकलेसाठीं क्रिटा, निबंधासाठीं लिबरऑफिस, हे मुक्तच आहेत.

पालकांस आणखी एक सांगावयाचें आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस व अडोबीचे प्रोग्रॅम जसे विंडोजवर बसवितां येतात, तसे ते लिनक्सावर बसत नाहींत. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, घरीं बसून द्यावयाच्या कांहीं परीक्षांत परीक्षार्थ्यावर नजर ठेवणारा जो प्रोग्रॅम लागतो, तो कित्येकदां विंडोज किंवा मॅकवरच चालतो. मुलगा किंवा मुलगी बारावीच्या पुढच्या प्रवेशपरीक्षांस बसणार असेल, अगर घरांतील कोणी धंद्याचे हिशेब विशिष्ट प्रोग्रॅमांत ठेवीत असेल, तर आधीं त्या त्या ठिकाणीं विचारून घ्यावें. उत्तर प्रतिकूल आलें तर तें वर्ष जाऊं द्यावें, किंवा डिस्क मोठी असल्यास शेजारीं बसविण्याचा मार्ग पत्करावा. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

बसविण्यासाठीं केलेला पेन ड्राइव्ह लगेच पुसून गाण्यांसाठीं वापरूं नये. पुढें कधीं यंत्र सुरूच झालें नाहीं, तर त्याच पेन ड्राइव्हवरून ‘करून पाहा’ या मार्गानें आंत शिरून, डिस्क धड असल्यास व घातलेला परवलीचा शब्द आठवत असल्यास, फायली बाहेर काढतां येतात. आवृत्तीचें नांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यास चिकटवून तो घरच्या महत्त्वाच्या कागदांच्या पेटींत ठेवावा.